अमेरिकेतल्या फ्रॅटर्निटी, सोरोरिटी आणि हेझिंग: मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्टमध्ये बॅगा भरून मुलगा कॉलेजला जातो आणि सप्टेंबरात फोन येतो, "आई, मला फ्रॅटने बिड दिलीय." बिड म्हणजे काय, हे विचारायचीही आईला लाज वाटते. फ्रॅट म्हणजे फ्रॅटर्निटी, कॉलेजातल्या मुलांची संघटना. तिच्यात सामील करून घेताना नव्यांचा जो छळ होतो, ते हेझिंग. मी न्यू जर्सीत राहते. इथे वाढलेल्या मराठी मुलांचे आईवडील आणि पुण्या-नाशिकहून मुलांना थेट बी.एस.ला पाठवणारे पालक, दोघेही मला हे प्रश्न विचारत आलेत. काही प्रश्न मुलांचेच आहेत, हळू आवाजात विचारलेले. सगळ्यात निकडीचा प्रश्न मुद्दाम पहिला घेतलाय.

समोर कुणीतरी दारू पिऊन बेशुद्ध पडलंय. आत्ता काय करू?

९११, म्हणजे अमेरिकेतला पोलीस-अँब्युलन्सचा नंबर, लावा. पुढचं वाचण्याआधी लावा.

मग त्याला कुशीवर वळवा. उताणं ठेवू नका आणि क्षणभरही एकटं सोडू नका. हाक मारून, चिमटा काढूनही तो जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठहून कमी असतील किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर पडत असेल, अंग गार पडलं असेल, ओठ निळसर दिसत असतील, झोपेतच उलटी होत असेल, तर ते विषबाधेचं लक्षण आहे. यातलं एकही पुरे. सगळी दिसेपर्यंत थांबायचं नाही. गार पाण्याची आंघोळ, कॉफी, लिंबू, ताक यातल्या कशानेही रक्तातली दारू कमी होत नाही. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात काही घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

"झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल." हे वाक्य अशा प्रकरणांत पुन्हा पुन्हा ऐकू येतं. भराभर प्यायलेली दारू पोटात साठलेली असते. पिणं थांबल्यावरही ती रक्तात जात राहते, म्हणजे झोपलेल्या माणसाची नशा उतरण्याआधी आणखी चढते. घशातली, उलटी बाहेर टाकणारी प्रतिक्षिप्त क्रियाही मंदावते, आणि माणूस स्वतःच्याच उलटीने गुदमरतो.

पोलीस केस होईल म्हणून मुलं घाबरतात, कारण अमेरिकेत २१ वर्षांखाली दारू पिणं बेकायदा आहे. पण बहुतेक राज्यांत आणि विद्यापीठांत, मदतीसाठी फोन करणाऱ्याला अशा गुन्ह्यातून सूट देणारे नियम आहेत. अँब्युलन्सच्या बिलाचीही भीती असते, आपल्या मुलांना जरा जास्तच. बिल हप्त्याने फेडता येतं. त्या रात्री त्याचा विचार करू नका.

फ्रॅटर्निटी म्हणजे हॉस्टेल, क्लब की आणखी काही?

थोडं थोडं सगळंच. १७७६ साली विल्यम अँड मेरी कॉलेजात फाय बीटा कॅपा ही विद्यार्थ्यांची गुप्त मंडळी सुरू झाली, आणि ग्रीक अक्षरांची नावं घेण्याची रीत तिथून पडली. मुलांची ती फ्रॅटर्निटी, मुलींची सोरोरिटी. देशभरच्या संघटनेचं एक मुख्यालय असतं आणि प्रत्येक कॉलेजात तिचा चॅप्टर. सत्राच्या सुरुवातीला भेटीगाठींचा आठवडा असतो, त्याला रश म्हणतात. पसंत पडलेल्याला बिड, म्हणजे आमंत्रण, मिळतं. त्यानंतर काही आठवडे तो उमेदवार असतो. पूर्वी त्याला प्लेज म्हणत, आता न्यू मेंबर म्हणतात. शेवटी दीक्षाविधी. प्रत्येक नव्या मुलाला एक 'बिग ब्रदर' मिळतो.

बिड आणि दीक्षाविधी यांच्यामधले ते आठवडे धोक्याचे.

हेझिंग म्हणजे आपलं रॅगिंगच ना?

सख्खं भावंड म्हणा, पण एक नाही. आपल्याकडे रॅगिंग अंगावर येतं ते प्रवेश मिळाल्यामुळे. मेडिकलला नंबर लागला, हॉस्टेलची खोली मिळाली, आता सीनियरच्या तावडीतून सुटका नाही. महाराष्ट्राने त्याविरुद्ध १९९९ सालीच कायदा केला: दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, कॉलेजातून हकालपट्टी आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. २००९ मध्ये हिमाचलमधल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा जीव गेला, त्यानंतर त्याच वर्षी यूजीसीचे देशभरासाठी नियम आले.

हेझिंगमध्ये मुलगा स्वतः दार ठोठावून आत जातो. त्याला आत यायचं असतं. दार मागच्या बाजूने उघडंही असतं, निदान कागदोपत्री. रॅगिंगमध्ये भीतीने वाकवतात. इथे बाहेर राहण्याची भीती पुरते.

पण मग तो स्वतःच्या मर्जीनेच गेला होता ना? बाटली कुणी जबरदस्तीने तोंडाला लावली होती का?

प्रत्येक मृत्यूनंतर हा प्रश्न विचारला जातो. अनेकदा आपल्यातलीच माणसं विचारतात, बातमी वाचताना, चहा पिताना. म्हणून इथे थोडं थांबते.

२ फेब्रुवारी २०१७ ची रात्र, पेन स्टेट विद्यापीठ, बीटा थीटा पाय फ्रॅटर्निटीचं घर. १९ वर्षांच्या टिमथी पियाझाला त्याच दिवशी उमेदवार म्हणून घेतलं होतं. रांगेत उभं करून एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर पीत जायचं, असा खेळ होता. सरकारी वकिलांनी मांडलेल्या हिशेबानुसार ८२ मिनिटांत त्याला १८ ड्रिंक दिली गेली. निरोगी यकृत तासाला साधारण एक ड्रिंक पचवतं. तो तळघराच्या जिन्यावरून कोसळला. डोक्याला मार, फाटलेली प्लीहा. मुलांनी त्याला उचलून सोफ्यावर ठेवलं. उताणा होऊन गुदमरू नये म्हणून पाठीला पुस्तकांनी भरलेली सॅक बांधली. म्हणजे गुदमरण्याचा धोका त्यांना ठाऊक होता. रात्री अकराच्या सुमारास तो पडला, आणि ९११ ला फोन गेला दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकरानंतर. घरात कॅमेरे होते, म्हणून हे सगळं मिनिटामिनिटाने माहीत आहे. ४ फेब्रुवारीला तो गेला.

आता सांगा, यात 'मर्जी' नेमकी कुठे आहे? पहिला घोट त्याच्या मर्जीचा म्हणू. पाचव्यानंतर मेंदूचा निवाडा करणारा भागच मंदावलेला असतो, अठराव्याला कसली मर्जी? समोर ज्यांच्यात सामील व्हायचंय ते सगळे उभे, मागे रांगेत आपल्यासारखेच नवे. 'नको' म्हणणारा तो एकटा पडणार. घरापासून लांब, महिना-दोन महिने एकटेपणात काढलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला पहिल्यांदा कुणी 'ये' म्हटलंय. त्या क्षणी त्याने 'नको' म्हणायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे. मी त्याच्या वयाची असताना म्हटलं असतं का, मला खात्री नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात लुईझियाना स्टेट विद्यापीठात मॅक्स ग्रुवर हा १८ वर्षांचा मुलगा गेला. तिथल्या कार्यक्रमाला 'बायबल स्टडी' म्हणत. फ्रॅटर्निटीच्या इतिहासावर प्रश्न विचारायचे आणि उत्तर चुकलं की जवळजवळ शुद्ध अल्कोहोल असलेली दारू प्यायची. त्याच्या रक्तातलं प्रमाण ०.४९५ निघालं, गाडी चालवायच्या मर्यादेच्या सहापटींहून जास्त. २०२१ च्या मार्चमध्ये ओहायोच्या बोलिंग ग्रीन विद्यापीठात 'बिग' आणि 'लिटल'च्या ओळखीच्या रात्री स्टोन फोल्ट्झ या २० वर्षांच्या मुलापुढे बर्बन व्हिस्कीची अख्खी बाटली ठेवली होती. आपल्याकडे ज्याला खंबा म्हणतात, तो एकट्याने संपवायचा. मग त्याला त्याच्या खोलीवर सोडून सगळे निघून गेले.

तिन्ही गोष्टींत दारूच्या जोडीला एक उशीर आहे. कुणीतरी पाहिलं, कुणीतरी घाबरलं, आणि फोन केला नाही. फोन केला तर चॅप्टर बंद पडेल, ही भीती मित्राच्या जिवापेक्षा मोठी ठरली.

म्हणूनच अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातल्या हेझिंगच्या व्याख्येत आता स्पष्ट लिहिलंय की त्या व्यक्तीची तयारी होती की नव्हती, याने फरक पडत नाही.

माझा मुलगा दारूला हातही लावत नाही. मग काळजी कशाला?

२००५ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या चिको इथे एका मुलाचा जीव पाण्याने घेतला. थंड तळघर, अंगावर पंखे, जोर-बैठका आणि भांडंच्या भांडं पाणी. इतकं पाणी एकदम पोटात गेलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, मेंदूला सूज येते. त्याच्या नावावरून कॅलिफोर्नियात 'मॅट्स लॉ' आला.

दिवसेंदिवस झोपू न देणं, डोळ्यांवर पट्टी बांधून अनोळखी जागी सोडणं, स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण येईपर्यंत व्यायाम करायला लावणं, मारहाण, हेही सगळं होतं. आणि फ्रॅटर्निटीबाहेरही होतं. २०११ साली फ्लोरिडात एका विद्यापीठाच्या बँडमधला मुलगा बसमध्ये झालेल्या मारहाणीने गेला. खेळाचे संघ, बँड, नाचाचे ग्रुप, सगळीकडे डोळे उघडे ठेवायला हवेत.

मुलींच्या सोरोरिटीत असलं काही नसेल?

बातम्या कमी येतात, पण 'नसतं' असं नाही. २००२ च्या सप्टेंबरात लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यावर रात्री दोन तरुणी बुडाल्या. सोरोरिटीत प्रवेश मिळवण्यासाठीच त्यांना समुद्रात उतरवलं, असं म्हणत कुटुंबीय कोर्टात गेले. सोरोरिटीने जबाबदारी नाकारली.

मुलींमध्ये जे जास्त चालतं ते अंगावर वळ उठवत नाही. वजनावरून, रंगावरून, कपड्यांवरून सगळ्यांसमोर बोलणं. मध्यरात्री फोन करून 'गाडी घेऊन ये' म्हणणं. फोन काढून घेणं. आठवडाभर घराबाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही, अशी ताकीद. मुलगी घरी 'बरी आहे' म्हणते, आणि आवाजात फक्त थकवा येतो. तो थकवा अभ्यासाचा समजू नका. आधी विचारा.

आम्ही नामांकित विद्यापीठ बघूनच घेतलंय. तिथे असं होत नाही ना?

एमआयटीत झालंय. १९९७ मध्ये पहिल्याच वर्षाचा १८ वर्षांचा मुलगा फ्रॅटर्निटीच्या घरात बेशुद्ध सापडला आणि वाचला नाही. २००० साली एमआयटीने त्याच्या कुटुंबाशी ६० लाख डॉलरना तडजोड केली. २००२ पासून पहिल्या वर्षाच्या मुलांनी कॅम्पसवरच राहायचं, असा नियमही केला. कॉर्नेलमध्ये तर १८७३ साली एक उमेदवार अशाच विधीच्या रात्री दरीत पडून गेला.

देसी मुलांच्या फ्रॅटर्निटी वेगळ्या असतील ना? आपलीच मुलं असतात.

१९९० च्या दशकात दक्षिण आशियाई मुलांच्या फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटी निघाल्या, आणि आपल्या बऱ्याच मुलांना त्या जवळच्या वाटतात. चॅप्टरगणिक अनुभव वेगळा असतो. पण 'आपली माणसं' हे संरक्षण समजू नका. उलट, आपल्या माणसांविरुद्ध बोलणं जास्त जड जातं.

२०१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजातला १९ वर्षांचा मुलगा आशियाई अमेरिकन फ्रॅटर्निटी पाय डेल्टा साय हिच्या विधीत गेला. पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरात भाड्याने घेतलेलं घर, गारठलेलं अंगण, डोळ्यांवर पट्टी, पाठीवर वाळूची जड पिशवी आणि चहूबाजूंनी धक्के. हा विधी म्हणे आशियाई माणसांनी सोसलेल्या अन्यायाचं प्रतीक होता. तो बेशुद्ध पडल्यावर मुलांनी त्याचे कपडे बदलले, इंटरनेटवर शोधाशोध केली, आणि वेळ घालवून गाडीतून दवाखान्यात नेलं. २०१७ मध्ये खुद्द संघटनाच दोषी ठरली, आणि २०१८ मध्ये कोर्टाने तिला त्या राज्यातून दहा वर्षांसाठी बाहेर काढलं.

ज्याने स्वतः सोसलं तोच पुढच्या वर्षी दुसऱ्याला का छळतो?

सासूने छळलेली सून पुढे स्वतःच्या सुनेला छळते, हे आपण घराघरांत पाहिलंय. कारणही तेच. १९५९ साली अ‍ॅरनसन आणि मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. एका गटात यायला काही मुलींना लाजिरवाणी परीक्षा द्यावी लागली, काहींना सोपी. नंतर सगळ्यांना त्या गटाची अत्यंत कंटाळवाणी चर्चा ऐकवली. जिने जास्त सोसलं होतं, तिला ती चर्चा जास्त आवडली. आपण इतकं सोसलं ते फुकट होतं, हे मनाला कबूल करवत नाही. म्हणून ते मोलाचं होतं असं मन ठरवून टाकतं. मग दुसऱ्याला त्यातून नेणं हा उपकार वाटायला लागतो.

२००८ साली मेन विद्यापीठाच्या संशोधकांनी ५३ शिक्षणसंस्थांमधल्या अकरा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांची पाहणी केली. संघ-संघटनांत असलेल्यांपैकी ५५ टक्क्यांना हेझिंगचा अनुभव होता. असं वागवलं गेलेल्या दहातल्या नऊ जणांनी त्याला हेझिंग म्हटलंच नाही.

कायदा काय म्हणतो?

चाळीसहून जास्त राज्यांत हेझिंगविरोधी कायदे आहेत, आणि त्यातले कितीतरी गेलेल्या मुलांच्या नावाने ओळखले जातात. पियाझाचा पेनसिल्व्हेनियात, ग्रुवरचा लुईझियानात, दोन्ही २०१८ चे. ओहायोत 'कॉलिन्स लॉ' २०२१ मध्ये आला, व्हर्जिनियात 'अ‍ॅडम्स लॉ' २०२२ मध्ये. हे कायदे आईवडिलांनी मिळवलेत, विधानसभांचे उंबरे झिजवून.

पालकांच्या सगळ्यात उपयोगाचा आहे तो स्टॉप कॅम्पस हेझिंग अ‍ॅक्ट, २३ डिसेंबर २०२४ चा केंद्रीय कायदा. त्यानुसार कॉलेजांना हेझिंगच्या घटनांची आकडेवारी ठेवावी लागते. कोणत्या संघटनेने काय नियम मोडला आणि तिच्यावर काय कारवाई झाली, याचा अहवाल वेबसाइटवर टाकून तो वेळोवेळी ताजाही करावा लागतो. बिड स्वीकारण्याआधी कॉलेजच्या साइटवर हा हेझिंग ट्रान्स्परन्सी रिपोर्ट शोधा आणि चॅप्टरचं नाव त्यात आहे का, पाहा. मात्र नाव नसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. तक्रारच झाली नसेल, तर अहवालात काय येणार?

आणि आपला मुलगा ओतणाऱ्यांच्या बाजूला असला तर?

हा प्रश्न मला कुणीच विचारत नाही, म्हणून मीच लिहिते. लुईझियानाच्या प्रकरणात एका तरुणाला निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली. त्यातली अर्धी स्थगित, अर्धी तुरुंगात. पेन स्टेटचे दोन माजी पदाधिकारी २०२४ मध्ये, म्हणजे सात वर्षांनंतर, तुरुंगात गेले. बोलिंग ग्रीनमध्ये काहींवर पुरावा नष्ट केल्याचेही आरोप ठेवले गेले. ग्रुपमधले मेसेज पुसणं हा वेगळा गुन्हा आहे. एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांच्या, व्हिसावरच्या मुलाला तर कोर्टाआधीच विद्यापीठाने काढलं, तर देशात राहण्याचा आधारच जातो.

मुलाला हे धाक म्हणून सांगू नका. "तू दुसऱ्या वर्षाला गेलास की नव्या पोरांपुढे बाटली कोण ठेवणार?" एवढं विचारा आणि त्याला बोलू द्या.

मग फ्रॅटर्निटीत जाऊच नये का?

असं मी म्हणत नाही. अनेकांना तिथे आयुष्यभराचे मित्र मिळतात, पुढे नोकरीत ओळखी उपयोगी पडतात. उमेदवारीचा काळच रद्द केलेल्या संघटनाही आहेत. सिग्मा अल्फा एप्सिलॉनने २०१४ मध्ये तसं जाहीर केलं. मुलाने रशच्या आठवड्यात तोंडावर विचारावं: "न्यू मेंबरचे आठवडे किती? त्यात रात्री काय असतं? माझ्या आईला त्यातलं काय सांगता येईल?" शेवटच्या प्रश्नावर समोरचे एकमेकांकडे बघून हसले, तर उत्तर मिळालं.

आत गेलोय आणि आता बाहेर पडायचंय. कसं?

कधीही पडता येतं, दीक्षाविधीच्या आदल्या रात्रीसुद्धा. चॅप्टरच्या अध्यक्षाला आणि कॉलेजच्या फ्रॅटर्निटी-सोरोरिटी कार्यालयाला दोन ओळींचा ईमेल पुरतो. कारण द्यायची गरज नाही. भरलेली फी कदाचित परत मिळणार नाही. मेसेज, फोटो, तारखा जपून ठेवा. समजावायला म्हणून कुणी घरी बोलावलं तर एकट्याने जाऊ नका. नाव न सांगता तक्रार करायची असेल तर १-८८८-६६८-४२९३ ही हेझिंगविरोधी हेल्पलाइन आहे. बाहेर पडल्यावर काही आठवडे फार एकटं वाटतं. त्या काळात घरच्यांनी रोज फोन करावा.

कॉलेज आम्हाला काही कळवत का नाही? फी तर आम्हीच भरतो.

कारण कॉलेजात गेलेला मुलगा तिथल्या खाजगीपणाच्या कायद्याने स्वतःच्या नोंदींचा मालक असतो. त्याच्या परवानगीशिवाय कॉलेज सहसा काही सांगत नाही. जिवावरचा प्रसंग असेल किंवा २१ वर्षांखालच्याने दारूचे नियम मोडले असतील, तर कळवण्याची मुभा आहे, सक्ती नाही. आपल्याकडच्यासारखा लोकल गार्डियन तिथे नसतो. तेव्हा रूममेटचा नंबर आधीच घेऊन ठेवा, मुलाला विचारून.

मी पुण्यात आहे. रात्री काही झालं तर इथून काय करू शकते?

जितकं वाटतं त्याहून जास्त. पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे दोन वाजतात तेव्हा पुण्यात सकाळचे साडेअकरा किंवा दुपारचे साडेबारा असतात. म्हणजे तुम्ही जाग्या असता. मुलाचा तुटक मेसेज आला, किंवा त्याच्या मित्राने घाबरून तुम्हाला कळवलं, तर भारतातून ९११ लावून उपयोग नाही. तो फोन अमेरिकेत लागत नाही. कॅम्पस पोलिसांचा पूर्ण दहा आकडी नंबर लागतो, पुढे +१ लावून. तो कॉलेजच्या वेबसाइटवर असतो. आजच शोधून फोनमध्ये साठवा, आणि त्याखाली मुलाच्या हॉस्टेलचं नाव, खोली क्रमांक आणि फ्रॅटर्निटीच्या घराचा पत्ता लिहून ठेवा. फोन लागल्यावर ते सगळ्यात आधी पत्ताच विचारतात.